तपकिरी वाडग्याची बाजू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

स्कँडिनेव्हियन सिरॅमिक म्हणजे पांढरा रंग, साधा आकार आणि नक्षीला रजा, असं आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात वाचलं आणि राहवलं नाही. गेली एकवीस वर्षं मी १९४० ते १९६० च्या दशकांतली ही भांडी जमवते आहे. माझ्या कपाटात एकही पांढरी बशी नाही.

सर्वांत लहान भांडं सात सेंटिमीटरचं. स्वीडनमधल्या गुस्ताव्सबेर्ग कारखान्यातल्या बेर्न्ट फ्रीबेर्ग यांचं. ते १९३४ मध्ये तिथे आले ते कारखान्याचे कला-प्रमुख विल्हेल्म कोगे यांचे आकार चाकावर घडवणारे कारागीर म्हणून. स्वतःच्या नावाचं काम नंतरचं. त्यांच्या झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, लोह असतं. भट्टीत ती वितळून ओघळते आणि बारीक रेषा उमटतात, सशाच्या अंगावरच्या लवेसारख्या. मूळ कसब चीनच्या सोंग राजवटीच्या काळातलं. बोट फिरवलं तर एकही रेषा हाताला लागत नाही.

डेन्मार्कच्या अक्सेल साल्तो यांची भांडी तर अंकुर फुटल्यासारखी. उंचवट्यांवरून झिलई खाली सरकते, खाचांत साचते, म्हणून टोकाला फिकट आणि तळाशी गडद. १९५१ साली मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. याला नक्षीला रजा कसं म्हणायचं? गुस्ताव्सबेर्गचेच स्टिग लिंडबेर्ग यांची हातानं रंगवलेली फायान्स (पांढऱ्या झिलईची मातीची भांडी) पाहिली तर पानं आणि पट्टे नुसते उधळलेले दिसतात. साधेपणाचा नमुना म्हणून दाखवतात तो फिनलंडचे डिझायनर काय फ्रांक यांचा 'किल्टा' हा जेवणाच्या भांड्यांचा संचही (आराबिया कारखाना, १९५३) हिरव्या, पिवळ्या, काळ्या रंगांत निघाला होता.

हे लिहिण्याचं कारण एक वाडगा. एका कुटुंबानं घर रिकामं करताना पांढऱ्या बश्या कागदात नीट गुंडाळल्या आणि तपकिरी वाडगा टोपलीत तसाच टाकला. काठाचा टवका उडाला. तो मी घरी आणून उलटा केला, तर तळाशी फ्रीबेर्ग यांची कोरलेली सही होती. त्या कुटुंबाला दोष कसा देऊ? पांढरं तेवढं मौल्यवान, हेच त्यांनी सगळीकडे वाचलं असणार.

पुढच्या लेखासोबत एखाद्या भांड्याच्या तळाचंही छायाचित्र छापावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक