अक्ष सरळ उभा असलेल्या पृथ्वीगोलावर ऋतू कसे शिकवायचे? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
शालेय शिक्षण

विषय : माध्यमिक शाळांत आलेली भूगोल साहित्याची पेटी

महोदय,

सादर नमस्कार. साहित्य शाळांना विचारून, गरज पाहून दिले जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आम्ही याद्या करून दिल्या. शाळा सुरू झाल्यावर पेटी आली. यादीतली एकही वस्तू तीत नाही, आणि ज्या आहेत त्या चुकीच्या आहेत. खोक्यावर किंमत नाही, पुरवठादाराचा नीट पत्ता नाही, तक्रार कुठे करायची याचा कागद नाही. पोच मात्र त्याच दिवशी सही-शिक्क्यासह मागण्यात आली.

पृथ्वीगोलापासून सुरुवात करतो. त्याचा अक्ष सरळ उभा आहे. पृथ्वीचा अक्ष २३.५ अंश कललेला आहे आणि ऋतू त्या कलण्यामुळे होतात, हे पाठ्यपुस्तक सांगते. सरळ अक्षाचा गोल सूर्य म्हणून ठेवलेल्या बल्बभोवती कितीही फिरवला तरी सगळीकडे कायम बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र. बाईंनी शिकवले एक, डोळ्यांना दिसले दुसरे. मुले डोळ्यांवर विश्वास ठेवणार, आणि त्यांनी तो ठेवावाच.

यावर शिक्षक स्वतः उपाय करतात. लाकडाची पाचर घ्यायची, तळ १० सेंटीमीटर, एका टोकाची उंची ४.३५ सेंटीमीटर. तिच्यावर गोलाची बैठक चिकटवली की अक्ष बरोबर साडेतेवीस अंशांनी कलतो. बल्ब आणि गोलाचा मध्य एकाच उंचीवर हवेत. नेमकी चूक होते ती गोल फिरवताना. मुले बल्बभोवती चालताना नकळत उत्तर ध्रुव सतत बल्बकडे झुकता ठेवतात, मग उत्तर गोलार्धात वर्षभर उन्हाळाच. म्हणून आधी एक भिंत ठरवायची, समजा फळ्याची. बल्बच्या चारही बाजूंना गोल नेताना उत्तर ध्रुव त्याच भिंतीकडे झुकलेला राहिला पाहिजे. एवढे सांभाळले की २१ जून आणि २२ डिसेंबर यांतला फरक नववीच्या मुलाला पाच मिनिटांत कळतो. ही पाचर वर्गात कोणीही करील, पण सरकारी पैशाने घेतलेल्या गोलाला ती का लागावी?

भिंतीवरचा भारताचा नकाशा उघडला तर जम्मू-काश्मीर अजून एकच राज्य. ३१ ऑक्टोबर २०१९ ला त्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. महाराष्ट्राच्या नकाशात पालघर नाही. १ ऑगस्ट २०१४ ला झालेला जिल्हा. म्हणजे पालघरच्या मुलाने आपला जिल्हा शोधायचा तर ठाण्यात. हे नकाशे छापून कुठल्या गोदामात किती वर्षे पडून होते, याची चौकशी आपण करावी.

आता पर्जन्यमापक. सगळ्यांत जास्त संताप याचा आहे. प्लॅस्टिकचे नरसाळे आणि खाली मोजपात्र. मोजपात्रावर खुणा मिलिलिटरच्या, आणि सोबत एका ओळीचीही सूचना नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. मिलिलिटरचे मिलिमीटर करायला नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ लागते. या नरसाळ्याचा व्यास १० सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर. १० मिलिमीटर पाऊस झाला तर पात्रात ७८.५ मिलिलिटर पाणी जमते. सूचना नसल्याने मुले वहीत लिहितात ७८ मिलिमीटर. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, पंचनाम्यांची चर्चा त्या आकड्यावरून सुरू होते. शेतकऱ्याच्या मुलाला साध्या भुरभुरीची नोंद अतिवृष्टी म्हणून करायला लावणारे हे साधन आहे. त्याच्या घरी त्या आकड्यावर वर्षाचे गणित चालते, त्याचे तरी भान हवे होते.

याहून चांगला पर्जन्यमापक दोन लिटरच्या बाटलीचा होतो. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, तेच नरसाळे. बाटलीचा तळ खड्डेउंचवट्यांचा असतो, म्हणून तळात वाळू-सिमेंट ओतून तो सपाट करायचा आणि शून्याची खूण त्याच्यावर करायची. बाटली उभ्या भिंतीची, सरळ हवी. कमरेत आत गेलेली चालत नाही. नरसाळ्याचे तोंड आणि बाटली यांचा व्यास एकच असला की साधी पट्टी लावून थेट मिलिमीटर वाचता येतात, गुणाकार-भागाकार नाही. कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर ठेवावी, नाहीतर जमिनीवरचे शिंतोडे आत उडतात. भिंतीपासून अंतर भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी हवे. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे. वेळ बदलली की आपला आकडा कोणाच्याच आकड्याशी जुळत नाही. खर्च शून्य.

महोदय, पेटी नको होती. प्रत्येक शाळेला तिच्या गावाचा स्थलनिर्देशक नकाशा हवा होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. एका नकाशात १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश, म्हणजे आपल्याकडे साधारण २७.७ बाय २६.४ किलोमीटर, जवळजवळ तालुक्याएवढा भाग. त्यात शाळेमागचा डोंगर असतो, ओढा असतो, पायवाटसुद्धा असते. आमची मागणी एवढीच होती.

"मोफत आहे ना, मग छापून घ्या," हे उत्तर आम्हाला मिळाले आहे. छापताना काय होते ते ऐका. शाळेतल्या प्रिंटरवर कागद ए-फोर. प्रिंटर नकाशा कागदात बसवण्यासाठी आपोआप लहान करतो. ५५ सेंटीमीटर उंचीचा नकाशा निम्म्याहून लहान होतो, पण खाली छापलेले १:५०,००० तसेच राहते. मुले पट्टीने दोन गावांतले अंतर मोजतात, १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर धरतात, आणि दहा किलोमीटरवरचे गाव चारवर येते. रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणांची छापील रेषा, नकाशासोबत लहान होते म्हणून ते खरे राहते आणि अंकप्रमाण, म्हणजे १:५०,००० हा आकडा, खोटे पडते. हा स्वतंत्र धडा म्हणून उत्तम आहे, पण रोजच्या कामाला हा नकाशा निरुपयोगी. शिवाय समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींत मिसळून सह्याद्रीचा कडा म्हणजे नुसता तपकिरी डाग होतो. योग्य रीत अशी की प्रमाण शंभर टक्के ठेवून नकाशा चार ए-थ्री कागदांवर तुकड्यांत छापायचा, कडा जुळवून मागून कापडाची पट्टी लावायची. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छपाईचे दोनशे रुपयेही होणार नाहीत. पेटीचे काही हजार तरी झालेच असतील.

हा नकाशा हाती आला की पुठ्ठ्याचा उठावाचा नमुना करता येतो, आणि इथे जवळजवळ प्रत्येक शाळेत एक चूक होते. नकाशात समोच्चरेषा दर २० मीटरला. मुले ३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा प्रत्येक रेषेला एक थर असा लावतात. ३ मिलिमीटरला २० मीटर म्हणजे उभे प्रमाण सुमारे १:६,६६७, आडव्याच्या साडेसातपट. गावामागची टेकडी लिंगाण्याचा सुळका होते. त्यापेक्षा दर १०० मीटरची जी जाड रेषा असते तेवढीच घ्यावी. मग उठाव दीडपट राहतो, जो डोळ्यांना खरा वाटतो, आणि पुठ्ठाही पाचवा हिस्सा लागतो. थर चिकटवण्याआधी प्रत्येकावर उंची लिहावी. एकदा डिंक लावला की कुठला थर कुठला ते कळत नाही. ओढ्याच्या जागी रेषा इंग्रजी 'व्ही'सारखी वळते आणि तिचे टोक चढाकडे असते, डोंगराच्या सोंडेवर उताराकडे. हा फरक कागदावर दहा वेळा सांगून कळत नाही. पुठ्ठ्यावर बोट फिरवले की कळतो.

हे का महत्त्वाचे? दरडी कोसळल्याच्या तीन तारखा पाहा. ३० जुलै २०१४, माळीण. २२ जुलै २०२१, तळीये. १९ जुलै २०२३ ची रात्र, इर्शाळवाडी. नकाशा वाचता आला असता तर माणसे वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या घरावरच्या उतारात रेषा किती दाटलेल्या आहेत आणि पाण्याची वाट कुठून खाली येते, हे दहावीच्या मुलाला कळलेच पाहिजे. त्याऐवजी आम्ही त्याला काय शिकवतो? ब्राझीलच्या आराखड्यात नाव कुठे लिहायचे ते. ब्राझील शिकवायला हरकत नाही, भारताशी तुलना चांगली आहे. पण दहावीच्या त्याच पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी बाकावर बसून वाचला जातो. गाडीला पैसे नाहीत, परवानगीला तीन सह्या, आणि अपघात झाला तर जबाबदारी एकट्या शिक्षकाची. मग कोण नेणार? शाळेपासून दोन किलोमीटर चालत जाऊन ओढ्याचा काठ, दगडाची झीज, विहिरींतली पाण्याची पातळी पाहता येते. त्यासाठी गाडी नको, फक्त लेखी संरक्षण द्या.

आणि हा विषय शिकवतो कोण? ज्याच्या वेळापत्रकात तास मोकळा, तो. भूगोल घेऊन पदवी केलेला माणूस निवडणुकीच्या यादीत, सर्वेक्षणात, ऑनलाइन माहिती भरण्यात. दहावीला भूगोलाचे ४० गुण, म्हणून भूगोल म्हणजे अर्धा विषय अशी समजूत पालकांपासून संस्थाचालकांपर्यंत आहे. २०२० साली करोनामुळे राहिलेला पेपर भूगोलाचाच होता. तो रद्द झाला, इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. त्या वेळी इलाज नव्हता, हे मान्य. पण भूगोलावाचून काही अडले नाही ही भावना तेव्हापासून पक्की झाली आणि ती आपल्या खरेदीतही दिसते. वस्तू निवडणारा शिकवत नाही, शिकवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पेटी पोचल्याची नोंद झाली की योजना शंभर टक्के यशस्वी. पेटी उघडल्यावर काय निघाले, हा रकाना आपल्या कुठल्याच तक्त्यात नाही.

एक काम मात्र विनाखर्च होण्यासारखे आहे, ते तरी करा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या २२-२३ सप्टेंबरला, सगळ्या शाळांनी एकाच दिवशी सावली मोजावी. १ मीटरची सरळ काठी, दोरीला नट बांधून केलेला ओळंबा, सपाट जमीन, खडू. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे मे महिन्यात सुट्टीत येतो आणि जुलै-ऑगस्टात ढगांत जातो, म्हणून विषुवदिन. त्या दिवशीची सर्वांत आखूड सावली थेट अक्षांश सांगते: पुण्यात सुमारे ३३.५ सेंटीमीटर, नाशिकला ३६.४, कोल्हापूरला ३०. घड्याळात बाराला मोजू नये. प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे रेखावृत्ताची, त्यामुळे सप्टेंबरात पुण्याची मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास असते. पुण्यात १२.१० पासून, नागपूरकडे आणखी आधीपासून, दर पाच मिनिटांनी टोकाला खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी. टोक पुसट असते, १ सेंटीमीटरची चूक म्हणजे अर्धा अंश.

कोल्हापूर आणि नागपूर यांच्या अक्षांशांत साडेचार अंशांचा फरक, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४९५ किलोमीटर. दोन शाळांनी फोनवर आकडे एकमेकांना सांगितले तर मुले स्वतः पृथ्वीचा परीघ काढतील. उत्तर ४० हजारांऐवजी ३६ किंवा ४५ हजार किलोमीटर आले तरी चालेल. चूक कुठे झाली हे शोधण्यात पुढचा तास जाईल, आणि तो भूगोलाचा खरा तास असेल. कोकणात तेव्हा ढग असतात, तिथे २०-२१ मार्चची तारीख द्या. पुण्याच्या रेखांशावर मध्यान्ह तेव्हा १२.४२ च्या आसपास येते.

परिपत्रक ऑगस्ट संपण्यापूर्वी काढा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढलेले परिपत्रक आमच्यापर्यंत ऑक्टोबरात पोचते. आणि पेटीतले गोल परत न्या. पाचरी आम्ही किती शाळांत करणार?

आपले,
माध्यमिक शाळांतील भूगोल शिक्षक