बाबा, तुमच्या त्या हात गळण्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर नीट सांगताच आलं नाही, आई रडायला लागली आणि मग मलाही काही सुचेना, म्हणून लिहितेय. आधी हे, की मला लकवा झालेला नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले हा हेमिप्लेजिक मायग्रेन आहे, मायग्रेनचाच एक प्रकार, पण अगदी कमी लोकांना होतो, साधारण 10 हजारांत एकाला. यात अर्धं अंग काही वेळ लुळं पडतं आणि मग ताकद परत येते.

त्या दिवशी आधी डोळ्यांसमोर नागमोडी काहीतरी चमकायला लागलं, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, त्या सरकत सरकत कोपरापर्यंत, मग ओठाचा कोपरा बधिर, जीभ जड, बोलायला जातेय तर शब्दच फुटेना आणि हातातलं पेन गळून पडलं. डोकं ठणकायला लागलं ते नंतर. डॉक्टरांनी हेच खोदून खोदून विचारलं, एकदम झालं की हळूहळू पसरत गेलं? स्ट्रोकमध्ये बहुतेकदा एका झटक्यात होतं ना. पण नुसतं तेवढ्यावर कुणी ठरवत नाही, एमआरआय, ईईजी सगळं झालं, नॉर्मल आलं, तेव्हा कुठे त्यांनी नाव सांगितलं.

आता बाबा, तुमचं. घरात अजून कुणाला असं होतं का विचारल्यावर मला तुम्हीच आठवलात. डोकं दुखलं की तुमचा हात गळायचा ना, आणि आजीच्या अंगावरून वारं गेलं होतं पण आपोआप उतरलं असं सगळेच सांगतात. हे जीन्समधून येऊ शकतं, आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलात यायची शक्यता 50 टक्के. प्लीज मनाला लावून घेऊ नका, यात कुणाचाच दोष नाही. फक्त एकदा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि आजीचंही सांगा. मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, या प्रकारात त्या सहसा टाळतात, आणि तुम्हाला तर बीपी पण आहे.

आणि परत हात गळला तर मायग्रेनच असेल म्हणून पडून राहायचं नाही, या वयात स्ट्रोकही असू शकतो, तडक हॉस्पिटल गाठायचं. आई, कधी सुरू झालं, कुठला हात, बोलता येत होतं का, एवढं बघून ठेव, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. रविवारी येतेय, बाबांचे जुने रिपोर्ट काढून ठेवा.

तुमची,
ताई