सोनेरी पट्टीचा प्रयोग कॉस्टिकशिवाय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायन्स एक्झिबिशनचा सीझन आला की तांब्याची पट्टी आधी चांदीसारखी आणि मग सोन्यासारखी करून दाखवायचा प्रयोग कुठल्या ना कुठल्या टेबलावर असतोच. मुलांना जाम आवडतो, मी स्वतः विज्ञान शिकवते, मलाही आवडतो. पण परवा आमच्या भागातल्या एका शाळेत जे बघितलं त्याने पोटात गोळाच आला. बीकरमध्ये कॉस्टिक सोडा आणि झिंक पावडर खळाखळा उकळतंय, बारीक शिंतोडे उडतायत, आणि पोरं गॉगल न लावता वर वाकून बघतायत! अ‍ॅसिडला आपण सगळे घाबरतो, पण गरम कॉस्टिक डोळ्यात गेलं तर ते त्याहून खोल आत शिरतं, नजर जाऊ शकते. शिवाय त्यातली ओली झिंक पावडर टिश्यूने पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकली की ती वाळता वाळता आपोआप तापून पेट घेऊ शकते, हे तर कितीतरी शिक्षकांना माहीतच नसतं.

अहो, यातलं काही लागतच नाही. 100 मिली पाण्यात साधारण 29 ग्रॅम झिंक सल्फेट विरघळवा, तळाशी पावडर नको, जस्ताचे दाणे टाका, आणि चिंच-मीठाने लख्ख घासलेली तांब्याची पट्टी त्या दाण्यांना टेकवून ठेवा (टेकलेली नसेल तर काही होत नाही, इथेच बहुतेकांचं फसतं). गरम करायचं पण उकळू द्यायचं नाही. थोड्या मिनिटांत पट्टी रुपेरी होते. मग धुवून, पुसून, चिमट्यात धरून मंद आचेवर धरली की जस्त तांब्यात मुरतं आणि वर पितळ तयार होतं, रंग सोनेरी झाला रे झाला की लगेच बाहेर काढायची, नाहीतर परत लालसर पडते. झिंक सल्फेटही डोळ्यांना वाईटच, त्यामुळे गॉगल हवाच. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, लेबल लावून बाटलीत ठेवलं तर पुढच्या बॅचलाही चालतं.

एक्झिबिशनच्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की टेबलावर उकळतं कॉस्टिक दिसलं तर मार्क द्यायच्या आधी तो बर्नर बंद करायला सांगा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका,
कोथरूड, पुणे