‘बढिया’ की बा-दी-या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गाण्यांवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं की आनंदाची गाणी ऐकायला बरी, पण ती उथळ; टिकतं ते विरहाचं. आपल्याकडे हे मत इतकं रुळलंय की त्यावर कुणी पत्रही लिहीत नाही. मी लिहितोय, कारण ऐंशीच्या दशकात बँकेची नोकरी सांभाळून मी नऊ वर्षं एका ऑर्केस्ट्रात साइड रिदमला, म्हणजे ड्रमच्या जोडीची तालवाद्यं वाजवायला, होतो. आनंदाचं गाणं उभं करायला काय लागतं, ते माझ्या तळहातांना चांगलं ठाऊक आहे.

दर्दभऱ्या गाण्यात लपायला जागा असते. गायकाने एक आलाप जास्त घेतला, व्हायोलिन जरा रेंगाळलं, तरी लोक डोळे मिटून बसलेले असतात, चालून जातं. फास्ट नंबरला ही सोय नाही. ड्रम, बेस आणि कोंगो यांच्यात केसभर अंतर पडलं की गाणं जागच्या जागी बसतं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते कळतं, कारण त्याचा पाय थांबतो. आमचे मास्तर स्लो नंबर एका तालमीत सोडून देत. फास्ट मात्र घासून घासून घेत. रात्री शेवटची गाडी चुकायची ती नेहमी फास्ट नंबरपायी.

आमच्या गिटारवाल्याचा थोरला भाऊ बोटीवर होता. १९८१ च्या सुमारास त्याने एक कॅसेट आणली, तीत ‘अर्थ, विंड अँड फायर’ या अमेरिकन बँडचं ‘सप्टेंबर’ होतं. गिटारचा तो सुरुवातीचा तुकडा वाजला आणि आमच्या ड्रमरने हातातला चहा खाली ठेवला. इंग्रजी शब्द कुणालाच धड लागले नाहीत. पण धृपदात गायक ‘बढिया’ म्हणतो, याबद्दल आमची खात्री पटली. परदेशी माणूस हिंदी शब्द घालतो म्हणजे काय, आम्ही चार लोकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. ते ‘बढिया’ नसून ‘बा-दी-या’ आहे आणि त्याला कुठल्याच भाषेत काही अर्थ नाही, हे कळायला मला पुढे कित्येक वर्षं लागली.

गंमत म्हणजे ज्या गीतकार बाई हे गाणं लिहायला बसल्या होत्या, त्यांनाही तोच प्रश्न पडला होता. त्यांचं नाव अ‍ॅली विलिस. गाणं तिघांचं : बँडचे प्रमुख मॉरिस व्हाइट, गिटारवादक अल मॅके आणि या विलिसबाई. व्हाइट चाल म्हणताना बा-दी-या, बा-दी-या असं गुणगुणत. विलिसबाईंना वाटलं, ही जागा भरायला ठेवलेली अक्षरं, पुढे खरे शब्द येतील. ते काही येईनात. शेवटी त्यांनी अक्षरशः विनवणी केली, याचा अर्थ तरी काय? व्हाइट यांचं उत्तर छापण्यासारखं नाही. मथितार्थ एवढाच की अर्थाची फिकीर कुणाला आहे! शब्दाने कधी लयीच्या आड येऊ नये, हा धडा आपण त्या दिवशी शिकलो, असं या बाई पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. गाण्यात २१ सप्टेंबरची रात्र आहे, त्यावरही लोकांनी नाना तर्क लढवले. त्यांचा खुलासा : बऱ्याच तारखा म्हणून पाहिल्या, एकविसावी तोंडात चांगली बसली.

यावर कुणी नाक मुरडेल, पण तराण्याला आपण कधी अर्थ विचारतो का? नोम-तोम ऐकताना माना डोलावणारा रसिक फास्ट गाण्यातल्या अर्थहीन अक्षरांना मात्र थिल्लर म्हणतो. मंगळागौरीला फुगडीचा वेग वाढला की बायकांचं गाणं आपोआप थांबतं आणि नुसता तोंडाने पकवा सुरू होतो. शब्दांना तो वेग झेपतच नाही. माझी आई साठीत फुगडी घालायची, तेव्हा तिच्या तोंडून निघायचा तो आवाज मला बा-दी-याच्या अगदी जवळचा वाटतो. (पत्र वाचून बहिणी रागावतील. असो.)

मूळ मुद्दा टिकण्याचा. हे गाणं नोव्हेंबर १९७८ मध्ये आलं. चाळीस वर्षांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०१८ च्या यादीत ते घेतलं. मॉरिस व्हाइट फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले, विलिसबाई डिसेंबर २०१९ मध्ये, आणि लोक अजून दर २१ सप्टेंबरला ते गाणं लावून नाचतात. बँडच्या नावाचा किस्साही आपल्याकडच्या मंडळींना आवडेल. व्हाइट यांनी ते स्वतःच्या पत्रिकेवरून ठेवलं! त्यांच्या पत्रिकेत पृथ्वी, वायू आणि अग्नी ही तत्त्वं होती, जल नव्हतं. म्हणून अर्थ, विंड, फायर. पुढे पार्किन्सनने त्यांना गाठलं आणि १९९४ पासून दौऱ्यांना जाणं बंद झालं. इतकं नाचवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हाच आजार यावा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. गाणं सप्टेंबरचं असलं तरी गाणारा उभा आहे डिसेंबरात. सुरुवातच ‘आठवतंय का?’ अशी आहे. म्हणजे ज्या रात्री ते नाचले ती रात्र होऊन गेलीय, आणि हे सगळं ढोल-ट्रम्पेट त्या आठवणीचे आहेत. मला वाटतं, म्हणूनच ते उथळ होत नाही. ‘आनंदी व्हा’ असा हुकूम सोडणारी गाणी पहिल्या आठवड्यात कानावर आदळतात आणि दिवाळीनंतर विरून जातात. हे गाणं हुकूम सोडत नाही, विचारतं. आणि वाजवणाऱ्याच्या कानाने सांगायचं तर धृपद कुठेही घरी येऊन टेकत नाही. सम आली म्हणावं तोवर पुढच्या फेऱ्यात ढकलून देतं. आम्ही ते बसवायला गेलो तेव्हा संपवायचं कुठे, यावरच दोन तास वाद झाला.

‘अ‍ॅबा’ या स्वीडिश बँडच्या ‘डान्सिंग क्वीन’चंही असंच. गाणाऱ्या बायका नाचत नाहीत. सतरा वर्षांची एक मुलगी नाचतेय आणि त्या तिला बघताहेत. त्यांतल्या फ्रिडाबाईंना बँडमधल्याच बेनी अँडरसन यांनी घरी नुसत्या वाद्यांची टेप ऐकवली, अजून आवाज चढायचे होते, तर त्यांना रडूच फुटलं. पुढे जून १९७६ मध्ये स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तेच गाणं ऑपेरात वाजलं आणि ऑगस्टमध्ये तबकडी निघाली. अमेरिकेत अ‍ॅबाचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं. उथळ म्हणायचं तर म्हणा बुवा.

आणि उथळपणाचं एवढंच असेल, तर तेहरानमध्ये काय झालं ते लेखकाने आठवावं. अमेरिकन गायक फॅरल विल्यम्सच्या ‘हॅपी’ या गाण्यावर गच्चीत आणि गल्लीत नाचतानाची चित्रफीत केली म्हणून तिथल्या काही तरुण-तरुणींना मे २०१४ मध्ये अटक झाली. सप्टेंबरमध्ये तुरुंगवास आणि ९१ फटक्यांची शिक्षा सुनावली गेली, मग ती स्थगित ठेवली. विरहाचं गाणं गायलं म्हणून कुणाला फटके सुनावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत वर्षभर विरहावर लिहा, पण एखादा रविवार या गाण्यांना द्या. ती कशी बांधली जातात, ठेका कुठे पुढे झुकतो, कोरस कुठे उघडतो, यावर लिहिणारी जाणकार माणसं मराठीत आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

‘सप्टेंबर’ आम्ही स्टेजवर कधीच वाजवलं नाही. चार ट्रम्पेट आणायचे कुठून? आमच्याकडे एक होता, तोही लग्नसराईत बँडवाल्यांकडे जायचा. पण माइक टेस्टिंगला, हॉल रिकामा असताना, ते रोज वाजायचं. खुर्च्या लावणारी पोरं तेवढी नाचायची.

गिटारवाला गेला त्याला आता सहा वर्षं झाली. उरलेले आम्ही तिघं दर २१ सप्टेंबरला एकमेकांना फोन करतो. २०२५ मध्ये नेमकी त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आली. घरात वडे, खीर, आमसुलाची चटणी. आज गाणीबिणी नकोत, असं सौ.ने सकाळीच बजावलं होतं. पान गच्चीत ठेवलं, कावळा काही येईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. तेवढ्यात ड्रमरचा फोन आला. तो हॅलो म्हणत नाही, सरळ गाणं लावतो. मी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. सौ. माझ्याकडे बघत राहिली, पण बंद कर म्हणाली नाही. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा कावळा वडा घेऊन उडाला होता.

आपला,
एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)