चाळीस फुटांचं ठरवून टाकू

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडलात. आई लगेच म्हणाली, "पावसाळा लागला की ह्यांचं असंच." मला तो नुसता स्वभाव वाटत नाही. 2019 च्या ऑगस्टात आपल्या सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा गावभागात शिरलं. तेव्हापासून कोयना धरणातून पाण्याचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की तुमची झोप उडते, पोट बिघडतं आणि जेवणात मीठ कमी पडलं तरी आवाज चढतो.

धोका दिसला की शरीर अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पचन मागे पडतं. पळायचं असेल तर हे सगळं कामाचं. धोका टळला की ते उतरायला हवं. पण तुम्ही दर तासाला मोबाइलवर पाण्याची पातळी बघता. मग ते उतरणार कधी? रात्री तीनला उठून बसता ते त्यामुळेच असावं.

आईचं वेगळं. ती चिडत नाही म्हणून तिला काही होत नाही असं आपण धरून चालतो. कागदपत्रांची पिशवी पुन्हा पुन्हा उघडून बघणं, अर्धी भाकरी ताटात ठेवणं, मान आखडणं... आई, हाही ताणच गं. एक्स-रेत काही निघालं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की "बघू, वेळ आली की ठरवू" हेच तुम्हा दोघांना जास्त पोखरतंय. पुलाशी इशारा पातळी 40 फूट आहे, धोका पातळी 45. चाळीस झाले की विश्रामबागला मामाकडे निघायचं, हे आजच ठरवा. मग पाणी सकाळ-संध्याकाळ बघितलं तरी पुरे. मधल्या वेळात बाबांनी घाटावर न जाता आमराईत फिरून यावं. (घाटावर गप्पा पाण्याच्याच होतात!)

बी.पी. सकाळी पाच मिनिटं शांत बसून मोजा, वहीत लिहा. छातीत दुखलं तर अॅसिडिटी म्हणून अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि मन फारच जड झालं तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. फुकट आहे, मराठीतही बोलतात. त्यात लाजायचं काय?

मामीशी मी बोलले आहे. वरची खोली रिकामी करते म्हणाली. फक्त बाबांनी रात्री बातम्यांचा आवाज मोठा ठेवायचा नाही, ही तिची अट आहे.

तुमची लेक