तात्या, तुमच्या ‘नको’साठी

तात्यांना सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की आधी तुम्ही हसणार आणि मग पुतण्याला म्हणणार, “वाच बगू, काय लिवलाहा तां.” म्हणून अक्षर मोठं काढलंय. तुमचं नाव-आडनाव कुठे घातलेलं नाही. भोगव्यात आणि देवबागेत तुम्हाला ओळखणाऱ्यांना ते सांगायची गरज नाही, बाकीच्यांना कळून काय करायचंय? पत्र मात्र चारचौघांत वाचलं जावं असं वाटतं. कारण मी तुमच्याशी भांडले तेही चारचौघांतच, जेटीवर, सकाळी सातला.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले. मी पुण्याहून यादी करूनच निघाले होते: वेंगुर्ला रॉक्स, डॉल्फिन, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी बेट. बरोबर अकरा वर्षांचा मुलगा आणि बाहत्तर वर्षांची आई, जिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. वेंगुर्ला रॉक्स म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांवर नेण्यासाठी तुमच्या बोटीचे तीन हजार आधीच आगाऊ दिले होते. तिथलं दीपगृह आणि गुहांमधले पाकोळी पक्षी पाहायचे म्हणून मुलगा रात्रभर झोपला नव्हता.

आणि तुम्ही म्हणालात, “आज नको. दर्यो बरो नाय.”

समुद्र तर समोर निपचित पडला होता. वारा नाही, लाट नाही. मी तसं बोलून दाखवलं. तुम्ही वाद घातला नाहीत. वल्ह्याच्या टोकाने ओल्या वाळूत एक रेघ ओढलीत: ही कर्ली नदी. तिच्या टोकाशी आडवी रेघ: हे मुख. मग समजावलंत, की जायचा प्रश्नच नाही, जाताना मऊच जाऊ. प्रश्न यायचा. साडेबारा-एकपर्यंत भरती, मग सुकती, म्हणजे ओहोटी, लागणार. उधाणाचे दिवस, म्हणजे खाडीतलं एवढं सगळं पाणी जोरात बाहेर निघणार. त्याच वेळी दुपारचा वारा समुद्राकडून आत येणार. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट मुखावर समोरासमोर आली की “थंय पाणी उभा ऱ्हवता”. हे शब्द तुमचे. वाळूतल्या त्या आडव्या रेघेवर तुम्ही वल्हं उभं धरून दाखवलंत, पाणी कसं उभं राहतं ते.

मी काय म्हणाले, ते तुम्हाला आठवत असेल. “तुम्हाला धंदा करायचा नाही का?” एवढ्या लांबून आलोय, वगैरे वगैरे. हे लिहितानाही कान गरम होतायत.

तुम्ही खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे काढलेत. तीन हजारच्या तीन हजार. एक नोट जास्त ओली होती, ती बदलून दिलीत. आणि म्हणालात, “माका रातची झोप होयी.”

त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या एका बोटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “या मॅडम, काही होत नाही, रोज नेतो.” लाइफ जॅकेटं आहेत का विचारलं तर म्हणाला, “बोटीत असतात.” आम्ही निघणारच होतो. आईने पायरीवर बसकण मारली आणि म्हणाली, “तो माणूस पैसे परत देतोय आणि हा मागतोय. मी कुणाचं ऐकू?” आईपुढे माझं काही चालत नाही, तेव्हाही चाललं नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला आम्ही भोगव्याच्या टेकाडावरून खाली बघत होतो. मुखाशी पांढरी पट्टी उठली होती, थेट तुमच्या रेघेवर. एक बोट तिच्यात शिरायला बघत होती, मागे फिरत होती, पुन्हा बघत होती. तिला आत यायला बराच वेळ लागला. कुणाला काही झालं नाही, उगाच वाढवून सांगत नाही. जेटीवर उतरणाऱ्यांचे चेहरे मात्र मी पाहिले. एक बाई वाळूत बसून रडत होती आणि तिचा नवरा तिला पाणी देत होता. त्याचे हात इतके थरथरत होते की बाटलीचं झाकण उघडेना.

मी तुमच्याकडे आले ती माफी मागायला. ती धड मागता आली नाही, कारण तुम्ही ओसरीवर जाळं विणत बसला होतात आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलंत, “बाय, तुमी खंयच्या?”

तात्या, खरे आभार इथपासून आहेत.

आई म्हणाली, “माझा आजोळ वेंगुर्ल्याक.” मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं तिला ओळखते, मालवणीत तिला बोलताना ऐकलं ते मोजून चार-पाच वेळा, तेही फोनवर, कुणी गेल्याचं कळलं की. पुढचा तासभर तुम्ही दोघं जे बोललात त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि मुलाला तर काहीच नाही. आजी गातेय असं त्याला वाटलं. तुमच्या घरातून कोकम सरबत आलं, मग घावणे आले, मग कोरा चहा. आई सांगत होती बोटीबद्दल.

भाऊच्या धक्क्यावरून निघणारी ती आगबोट. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची, म्हणजे १९६२-६३ची गोष्ट. रात्रभर डेकवर ट्रंका आणि वळकट्यांवर माणसं झोपलेली, नाकाशी लिंबू धरलेलं. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी एकेक बंदरं घेत बोट खाली यायची. वेंगुर्ल्याला ती धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर उभी राहायची. मग पडाव (होडी) यायचा, हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. खलाशी पोरांना सरळ बखोटीला धरून खाली द्यायचे, पोत्यासारखे. एकदा असं उतरताना आईच्या हातून पितळी डबा पाण्यात पडला. आजोबांसाठी नेलेले बेसनाचे लाडू होते त्यात. एका खलाशाने उडी मारली, डबा वर आणला, आणि लाडू खारट झाले तरी आजोबांनी सगळे खाल्ले.

ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. मुद्दा तोच आहे. सहलीची यादी करताना आईला विचारलं होतं, तुला काय बघायचंय? ती म्हणाली, “वेंगुर्ल्याचं बंदर दाखवलंस तर बघीन.” मी म्हटलं, “बंदरात काय बघायचंय? बघू, वेळ उरला तर.” तुम्हाला ते एका तासात कळलं. जाळ्याची गाठ मारून दातांनी सूत तोडलंत आणि म्हणालात, “फाल्या बंदरार जावया.”

दुसऱ्या दिवशी पुतण्याची रिक्षा आली, आणि पुढच्या सीटवर अंग चोरून तुम्ही. बोट बंद म्हणजे तुमची त्या दिवसाची कमाई बंदच होती, हे मला नंतर उमगलं.

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर आई काही बोलली नाही. चालत टोकापर्यंत गेली, माझा हात न धरता. गुडघे बहुधा तेवढ्यापुरते विसरले. पाण्याकडे बोट दाखवून तुम्हाला विचारलं, “हंयच ना?” तुम्ही म्हणालात, “थोडी भायर. पण ह्याच.” आगबोटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तोवर लोक त्यांना विसरलेही होते. धक्क्यावर त्या दिवशी मच्छीमारांच्या होड्या, बर्फाच्या लाद्या आणि एक आळसावलेलं कुत्रं. ऊन चढलं तसा तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून तिच्या डोक्यावर टाकलात. तिनेही तो पदरासारखा ओढून घेतला.

डच वखार धावतीच पाहिली. सतराव्या शतकातली डचांची पेढी, पडक्या भिंती, त्यांतून उगवलेली झाडं. एवढी जुनी वास्तू अशी उभी आहे हे पाहून चीड येते, पण तो विषय वेगळा.

मांडवी खाडीचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या बचतगटाच्या बायकांची होडी तुम्ही ठरवून दिलीत. इंजिन नाही, वल्ही. माझ्या मुलाचा चेहरा आधी पडला होता. इंजिन नसलेल्या बोटीत कसली मजा? मग वल्हं मारणाऱ्या मावशींनी तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, एक पान तोडून त्याला म्हटलं, “मागल्या बाजून चाट.” त्याने चाटलं आणि ओरडला, “मीठ!” झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पानाला लागलेले पांढरे कण त्याने बोटाने खरवडून पाहिले. चिखलातून वर आलेली मुळं पेन्सिलीसारखी हजारोंनी उभी होती. चिखलात हवा नाही, म्हणून झाड नाक वर काढून श्वास घेतं, असं मावशी म्हणाल्या. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हातभर लांब शेंग होऊन लोंबतं आणि टोकाने खाली चिखलात घुसतं. आमच्या डोळ्यांदेखत एक पडली. ‘टप्’. मुलाने मोजायला सुरुवात केली, बाविसावर थांबला. पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात २०२० साली राज्याचं कांदळवन वृक्ष झाली, हेही त्याला तिथेच कळलं आणि आता तो शाळेत सगळ्यांना विचारत सुटलाय.

परत येताना त्याने तुम्हाला विचारलं, की मग पाकोळ्या कधी बघायच्या? तेव्हा तुम्ही दुसरं कारण सांगितलंत, जे जेटीवर माझ्यासमोर बोलला नव्हतात. हे दिवस त्यांच्या घरट्यांचे. लाळेने बांधलेली ती घरटी पूर्वी चोरून नेत, बाहेरदेशी त्यांचं सूप करतात म्हणून. “आता इंजिनं घेवन आमीच गुहेत शिरलो तर चोर काय नि आमी काय?” मुलगा बराच वेळ गप्प होता.

आणि फयान वादळाचं. ते मी विचारलं नसतं, आईने विचारलं. नोव्हेंबर २००९. तुमचे दोन सोबती बाहेर होते. एक आला. दुसऱ्याबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, “अजून येवक नाय.” गेला, असं म्हणाला नाहीत. मला तेव्हा जेटीवरची ‘रातची झोप’ कळली.

तिसऱ्या दिवशी किल्ला. तो तुमच्या वाट्याचा नव्हता. मालवणच्या जेटीवरून किल्ल्याच्या बोटी वेगळ्या, पण पहिल्या बोटीने जा, बारापूर्वी परत या, हे बजावून सांगितलंत. २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर पाया घातला, पायात शिसं ओतलं, अठ्ठेचाळीस एकर, हे सगळं गाइडने सांगितलंच. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हे मात्र डोळ्यांनी बघायलाच हवं. तटबंदी नुसती वळत राहते. आई शिवराजेश्वराच्या देवळापाशी सावलीत बसली आणि दाढी नसलेले शिवाजी महाराज बघून आली ती एकदम खूश. “तरुणपणचे वाटतात,” म्हणाली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव, साखरबावेचं गोडं पाणी. मुलगा म्हणाला, “हेसुद्धा तिवरासारखंच का?” तसं नाही, पण उत्तर मलाही नीट देता आलं नाही. तुम्हाला विचार म्हटलं.

स्कूबा केलं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, त्यातलं प्रवाळ बघायची इच्छा आहे अजून. पण जोराचं पाणी होतं, तळ गढूळ, आणि तुम्ही सांगितलंत की “आता पैशे पाण्यात”. हा विनोद तुम्ही मुद्दाम केलात की नाही, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

हिशेबाची एक गोष्ट राहते. पुतण्याच्या रिक्षाचं भाडं आम्ही दिलं. तुमच्या तीन दिवसांचं काही घेतलं नाहीत. निघताना मी पाकीट पुढे केलं तर आत जाऊन फणसाच्या साठांची पुडी घेऊन आलात आणि तीच माझ्या हातात कोंबलीत. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पैसे देऊन फिरले आहे. पैसे परत घेऊन इतकं बघायला मिळालं, असं एकदाच झालं. त्या सकाळी जे बोलले त्याबद्दल माफ करा. ही माफी जेटीवरच्या त्या सगळ्यांनाही ऐकू जावी.

आणि तुमचा पंचा आमच्या पिशवीतून पुण्याला आलाय. धुतला, इस्त्रीही केली (हसा). तरी एका टोकाला माशांचा वास आहेच. मी पोस्टाने पाठवायला निघाले होते. आईने पाकीट माझ्या हातून काढून घेतलं आणि पंचा कपाटात तिच्या साड्यांवर ठेवलाय. पावसाळा संपला की ती स्वतः आणून देणार आहे. बेसनाच्या लाडवांसकट.

तुमची,
जेटीवर भांडलेली