तिचा उजवा पाय बघ

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिगू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, आणि आज उत्तर लिहायला बसलेय तेही एका चित्रामुळे. चित्राचा फोटो सोबत पाठवतेय. आधी तो नीट बघ, मग पुढचं वाच.

आपलं तलावपाळीच्या कट्ट्यावरचं भांडण आठवतं ना? तू म्हणायचास, चित्रकाराला कुणी काही सांगायचं नाही. मी म्हणायचे, मग बाईला धुणं पिळल्यासारखी कंबरेत पिळून काढतात त्याचा जाब कुणाला विचारायचा? इतक्या वर्षांनी ते भांडण माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये येऊन बसलंय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची बॅच सुटली की रविवारी दुपारी आमची कॉमिक्सची बैठक भरते. सात-आठ जण असतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मराठी अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात आणि पान उलटताना बोटं रुमालाला पुसून घेतात. क्लासमधली दोन-तीन मोठी मुलंही थांबतात. मध्यंतरी एका रविवारी विषय निघाला स्पायडर-वुमन या मार्व्हल कंपनीच्या नायिकेच्या 2014 सालच्या पहिल्या अंकाचा. त्या अंकाचं एक पर्यायी मुखपृष्ठ मिलो मनारा या इटालियन चित्रकाराने केलं होतं. ती छपरावर चढून आलीय, गुडघ्यांवर, आणि मागची बाजू वर उचललेली. कपडे अंगावर रंग फासल्यासारखे. त्यावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मनाराची रेघ सुंदर आहे हे मीही मान्य करते. पण चढणाऱ्या माणसाचा भार कुठे पडतो? बोटांवर, चवड्यांवर, खांद्यांत. त्या चित्रात भार कुठेच नाही. ती चढत नाहीये, दिसतेय फक्त.

2012 साली काही चित्रकारांनी एक नामी युक्ती केली होती. बायकांना कव्हरवर ज्या पोज देतात, त्याच पोज त्यांनी हॉकआय या पुरुष नायकाला दिल्या. आम्हीही मुलांना सांगितलं, वेताळाला तसं बसवा. पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं की मणका तसा वळतच नाही. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, वेताळाची डायना आठवते का, ती पोहणारी होती, युनोत नोकरी करायची, आणि हे मला आजवर महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

तर मी अशी, टीका करणाऱ्यांच्या बाजूची. आणि पुढच्याच आठवड्यात हे झालं.

जवळच्या एका मंडळाने मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलं होतं, विषय ‘माझा नायक’. माझ्याकडची आठवीतली एक पोर कबड्डी खेळते. तिने चित्र काढलं: पावसात घोडबंदर रोडवर होर्डिंग कोसळतंय आणि एका बाईने ते दोन्ही हातांनी पेललंय. खालून रिक्षावाला, भाजीवाली, छत्रीतली दोन शाळकरी पोरं निसटताहेत. बाईच्या अंगावर कबड्डीचा पोशाख आहे, गंजी आणि गुडघ्यापर्यंतची पँट, एकाच गुडघ्याला नीकॅप. आता फोटोत तिचा उजवा पाय बघ. टाच चिखलात रुतलीय, बोटं फाकलीत, पोटरीची शीर वर आलीय आणि टाचेभोवतीचं पाणी गोल सरकलंय. मी तिला यातलं काहीही शिकवलेलं नाही. कॉमिक्सच्या सात-आठ चौकटी खर्च करून जे सांगायचं, ते त्या एका पायात आलंय.

मंडळाचा निरोप आला, चित्र छान आहे, फक्त ओले कपडे अंगाला चिकटलेले दाखवलेत, तेव्हा एक ओढणी काढून द्या, लहान मुलं बघायला येतात. मी वाद घातला. आपण दोघं वेरूळला कैलासात सिंहावरच्या दुर्गेचं स्केच करत बसलो होतो, तेव्हा तिच्या अंगावर कापड किती हे कुणी मोजलं होतं? नवरात्रात टेंभी नाक्याला देवीसमोर हात जोडतो ते तिच्या हातातल्या शस्त्रांना बघूनच ना? पण वाद घालता घालता माझीच जीभ अडखळली. आदल्या रविवारी मीही एका चित्रातल्या बाईच्या अंगाबद्दलच बोलत होते ना? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

दोन रात्री याच विचारात गेल्या. कपाटातून जुन्या वह्या काढल्या. 1954 साली अमेरिकेत कॉमिक्स मुलांना बिघडवतात अशी ओरड झाली, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली, कॉमिक्स कोड. त्यात एक कलम होतं: स्त्रिया वास्तवाला धरून काढाव्यात, शरीराची अतिशयोक्ती करू नये. दिगू, हे तर माझंच वाक्य! कॉलेजात मी ते वहीत लाल पेनने उतरवून घेतलं होतं. पण त्याच कोडमध्ये प्रेमकथांनी घराचं मोल आणि लग्नाचं पावित्र्य ठसवावं असंही होतं, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही छापायचं नाही असंही. 1956 सालच्या एका अंकातल्या गोष्टीतल्या अंतराळवीराला याच कोडच्या कचेरीने हरकत घेतली, कारण शेवटच्या चौकटीत त्याने शिरस्त्राण काढल्यावर तो कृष्णवर्णीय निघतो. प्रकाशक बिल गेन्स अडून बसला म्हणून ती गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. बाईचं अंग मोजायला बसलेल्या माणसाने पुढे माणसाचा रंगही मोजला. मार्व्हलने 2001 मध्ये तो कोड सोडला, डीसी या दुसऱ्या मोठ्या कॉमिक्स कंपनीने 2011 मध्ये.

याउलट मनाराच्या त्या चित्रावर लोक तुटून पडले, पण त्यातून कुठली नियमावली निघाली नाही. आणि 2015 मध्ये स्पायडर-वुमनला नवा पोशाख मिळाला, जॅकेट, पँट, सोबत मोटरसायकल. क्रिस अँका नावाच्या चित्रकाराने तो आखला. आपल्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीचा कासोटा घालून बुलेटवर येणाऱ्या पोरी आठव. कासोटा आहे म्हणून मांड घालता येते. पोशाख कामातून आला की बाई चित्रात आपोआप उभी राहते. त्याआधी 1986 मध्ये ट्रिना रॉबिन्स या चित्रकर्तीने डीसीची नायिका वंडर वुमन काढली. पात्र 1941 सालचं, आणि त्याचा अख्खा अंक बाईच्या हाताने काढला जायला पंचेचाळीस वर्षं लागली. या रागाला माझ्याकडे उत्तर नाही. आणखी बायकांनी काढत राहावं, एवढंच मला दिसतं.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने क्लासच्या वहीत एक नायिका काढली होती. त्या वयाची मुलं काढतात तशीच, छाती फुगवलेली, कंबर मुठीत मावेल एवढी. मी खोडरबर घेतला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने ती खोडली. त्याचे कान लाल झाले होते. नंतर त्याने माणसं काढणंच सोडलं, गाड्या आणि इमारती काढतो. मंडळाने ओढणी मागितली तेव्हा मला तो खोडरबर आठवला. मी त्याला विचारायला हवं होतं की ही पळाली तर हिचा पाय कुठे पडेल. विचारलं असतं तर त्याने पुन्हा काढून बघितलं असतं. पेन्सिल त्याच्याच हातात राहिली असती.

मी त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. आज बैठकीला मात्र आला, मागच्या बाकावर बसला आणि जाताना वेताळाचे दोन अंक मागून घेऊन गेला. काकांनी ते दिले, पिशवीसकट.

आणि ती पोर? ओढणीचा निरोप सांगितल्यावर म्हणाली, “ताई, ओढणी सावरायला हिला तिसरा हात काढू का?” चित्र प्रदर्शनात लागलं नाही. मला फार लागलं ते. आता ते आमच्या क्लासच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे, जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो पायच दिसतो. दुधवाला परवा विचारत होता, ही कुठल्या संघाची.

तुझं म्हणणं मी अर्धं मानलंय, दिगू. अर्ध्यावर अजून भांडायचंय. दिवाळीत येशील तेव्हा तुझ्याकडचे डायनाचे अंक घेऊन ये, आणि ते जुने निबही. त्या मुलाला शाई द्यायचीय.

तुझी,
नंदा